गाडीत न मावलेली खाट

१३ मे १८६८
माणसानं मान तरी हलवावी! वर्षाचे करार संपले, घरं बदलायचा दिवस, साऱ्या नांगऱ्यांच्या गाड्या एकाच रस्त्यावर. ब्लॅकहोपच्या वळणावर नव्या घरातलं आमच्याआधीचं बिऱ्हाड समोरून आलं. मी हाक मारली, चूल धड ठेवलीस ना गं बाई? बाई ढिम्म. आईबाप पायी आणि थोरली पोर गाडीत पांघरूण ओढून लोळतेय. कसले हे लाड! माझा नवरा वॉट म्हणाला, जीभ आवर, अजून आपलं सामानही उतरलं नाही.

घर मात्र झकास. चुलीत विस्तव, छप्पर शाबूत, आणि कपाटासारखी, दारं लावून आत निजायची लाकडी खाट चक्क मागे टाकून गेलेत. आपली खाट कुणी सोडतं होय? आमची किडकी, तिचं सरपण केलं. अ‍ॅलीनं आत उडीच मारली. म्हणाली, आई, पेंढा अजून ऊन आहे! सतरा वर्षांची घोडी, पण हसली की घर भरतं.

१८ मे
अ‍ॅली शेतावर दगड वेचते. करारच तसा, नांगऱ्यानं घरची एक बाई कामाला द्यायचीच. दुपारी जेवायला आली ती आडवी झाली, उठेना. म्हणते, खाटेत जागा पुरत नाही. एकटी तर निजतेस! म्हटलं, कमी खा.

२२ मे
अ‍ॅलीला ताप. तिच्या जागी मी शेतावर. शेजारच्या ग्रिझेलला म्हटलं, ती आधीची बाई भारी शिष्ट. ग्रिझेलनं हातातला दगड टाकला. मग म्हणाली, बये, त्यांची बेथिया त्याच सकाळी गेली, त्याच खाटेत. दुपारच्या आत घर रिकामं करायचं, तुमची गाडी वाटेवर. खाट की पोर, गाडीत एकच मावत होतं.

मी लोळतेय म्हटलं होतं तिला.

२५ मे
पेंढा जाळला. नवा भरला. तोही ऊन.

२८ मे
अ‍ॅलीला चुलीपुढे निजवून गेले होते. आले तर खाटेत. भिंतीला चिकटलेली, कडेला एका माणसाची जागा सोडून. मला विचारलं, आई कधी येणार? अगं, मीच की! तर म्हणाली, तुम्ही नव्यानं आलेल्या बाई ना?

३० मे
वॉटनं खाटेवर कुऱ्हाड घातली. घाव फळीवर — किंकाळी अ‍ॅलीची. खांदा काळानिळा. वॉट कुऱ्हाड टाकून रडला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

२ जून
कांजी नको म्हणते. बेथियाच्या आईला निरोप धाडला होता, येऊन लेकीला ने. उत्तर आलं, माझी मुलगी मी बरोबर आणली, पुरली. पुन्हा नाव काढू नका.

४ जून
भर दुपार. खाटेत शिरलेय, दोघींच्या मध्ये. एका अंगाला अ‍ॅली, गार पडत चाललेली. दुसऱ्या अंगाला कुणी दिसत नाही, पण पेंढा ऊन —

बेथिया, ऐक. रागावत नाही आता. तुझे आईबाप तुला टाकून नाही गं गेले. खाट टाकली, तुला नेलं. आई हवी ना? मी आहे. मला ने, नाहीतर माझ्याच कुशीत राहा, पण हिला सोड. शनिवारपर्यंत सांग. हो की नाही, एवढंच. शनिवारच्या पुढे माझी अ‍ॅली नाही टि—