कापूर उडेपर्यंत

११ मार्च १९७९, रविवार. सांगली

दुपारी आईने वसंताची पेटी पुन्हा कॉटखालून ओढली. उघडली नाही. फडक्याने पुसली, कडी चाचपली, परत आत सरकवली. तो गेल्याची तार आल्याला दीड महिना झाला. रोज एकदा हे होतं. शालू म्हणाली, "तुम्ही तरी सांगा आईंना." गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

पेटीत कपडे वगैरे काही नाही. गेल्या उन्हाळ्यात सुट्टीवर आला तेव्हा दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रावरून आणलेल्या बाटल्या आहेत. बोटाएवढ्या, बुचाच्या. आत वाळवलेले बारीक प्राणी. कोळंबीच्या जातीचे, गोगलगाई, किडे, तारामाशाचे तुकडे. आई तेव्हा म्हणाली होती, "येवढ्या लांबनं जवळा आणलास? इस्लामपूरच्या बाजारात गावतो की रं." तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

त्याच्या बोटीवर बरोबर असलेले मुजावर साताऱ्याला घरी आलेत. पत्र आहे, पंचवीसला येतात.

गावाहून आबाकाकांचा निरोप: देह मिळाला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यायला हवा. तसं सोडून चालत नाही. आईला अजून बोललो नाही.

१९ मार्च

ऑफिसात कालव्याच्या नकाशाची ट्रेसिंग. दोनदा रेघ चुकली. शेजारचे जोशी म्हणाले, "राहू द्या, मी करतो." दिली.

रात्री जेवताना भाकरी समोर आली आणि व. आठवला. त्या सुट्टीत याच पाटावर बसून त्याने ताटाच्या एका कडेला भाकरीचा तुकडा ठेवला, दुसऱ्या कडेला भाताची मूद.

"दादा, काय खाल्लं ते माणसाला लपवता येत नाही. अंगात राहतं. हे बघ, ज्वारी आणि ऊस एका बाजूचे, भात-गहू दुसऱ्या. कार्बन सगळ्यांत आहे. पण त्यात एक हलका असतो, एक किंचित जड. ज्वारीत जडाचा वाटा थोडा जास्त. जो जे खातो त्याच्या मांसात तो वाटा उतरतो."

मी विचारलं, समुद्रात कुठली ज्वारी?

"तिथं बर्फाच्या पोटाला खालून शेवाळ धरतं. उघड्या पाण्यातलं शेवाळ वेगळं. दोघांचा वाटा वेगळा येतो का ते बघतोय. आला, की कोण बर्फावर जगतं, कोण पाण्यावर, आणि त्यांना खाणारा कोण, हे प्राणी मेला, वाळला, तरी सांगतो."

आई म्हणाली, "मग माझ्याकडं बगून काय सांगशील?"

"तू? निम्मी ज्वारी आन् निम्मा गूळ."

निम्म्या बाटल्या तिकडे, त्याच्या परदेशातल्या लॅबमध्ये, मोजून झाल्या होत्या. निम्म्या मुंबईच्या यंत्रावर पडताळायच्या होत्या. मुंबईला जायला जमलं नाही, बोट सुटायची होती. म्हणाला, "माघारी आलो की नेतो. आई, तोवर किडा लागू देऊ नकोस."

भात उरला.

२५ मार्च, रविवार

मुजावर आले. वय व.एवढंच. आईच्या पाया पडले. आईने त्यांचा हात धरून ठेवला, बराच वेळ. "जेवलास का लेकरा?" एवढंच.

आईने विचारल्यावर त्यांनी सांगितलं. वसंता बर्फाच्या कडेला जाळं ओढत होता. कड तुटली. दोर टाकला. बोट दिवसभर तिथेच फिरत राहिली.

आई म्हणाली, "थंड लय आसंल पाणी."

"लय थंड, आई. माणसाला कळायच्या आत…"

मग आई म्हणाली, "त्यो म्हणायचा, त्या समुद्रात एक किडा दुसऱ्याला खातो, आन् खाल्ल्यालं अंगात ऱ्हातं. मग आता तिथल्या किड्यांत आमची ज्वारी गावंल का रं?"

शालू उठून आत गेली. मुजावर खाली बघत होते. म्हणाले, "समुद्र लय मोठा हाय, आई. न्हाई गावायची."

आई म्हणाली, "बरं."

मग पेटी उघडली. खोलीभर कापराचा वास आला. आईने गेल्या श्रावणात दमट हवा लागली तेव्हा एकेक बूच काढून प्रत्येक बाटलीत कापराचा खडा टाकला होता, फडक्याच्या चिंधीत बांधून. धान्यात बिब्बे टाकावेत तसा. किडा लागू देऊ नको म्हणाला होता ना.

मुजावरांनी एक बाटली नाकाशी धरली. चेहरा उतरला. आईने ते पाहिलं.

"काय चुकलं का रं माझं?"

"न्हाई आई. किडा एकबी न्हाई लागला."

२६ मार्च

काल लिहायचं राहिलं. एसटी स्टँडवर पोचवायला गेलो तेव्हा मुजावरांनी सांगितलं. कापरातही कार्बन असतो, झाडाचा. तो त्या प्राण्यांत मुरला असेल. आत्ता मोजलं तर समुद्राऐवजी कापूरच मोजला जाईल.

मी विचारलं, म्हणजे फुकट?

"तसं नाही. कापूर उडून जातो. चिंध्या काढा, बुचं काढा, कोरड्या हवेत राहू द्या. एक बाटली मी आत्ताच नेतो, उघडी ठेवून महिन्याभराने मुंबईला मोजून बघतो. तिकडचे आकडे तयार आहेत, दादा, पण पडताळा झाल्याशिवाय छापणार नाहीत. छापले तर पहिलं नाव वसंताचं. तेवढं मी बघतो."

गाडी लागली. खिडकीतून म्हणाले, "आईंना हे सांगू नका."

सांगितलं नाही. फक्त म्हणालो, वास गेला की मुजावर येऊन नेणार. आई म्हणाली, "मी बगते वास."

८ एप्रिल

यंदा गुढी उभारली नाही.

बाटल्या गच्चीवर, पत्र्याच्या ट्रेमध्ये, वर मलमलीचं फडकं. शेजारणी पापड वाळवतात त्यांच्या पलीकडच्या बाजूला. आई छत्री घेऊन शेजारी बसते. पीठ उडेल, पाखरू येईल. चार वाजता एकेक नाकाशी धरते. मग खाली आणते.

शेजारच्या काकूंनी विचारलं, "औषध आहे का हो?" आई म्हणाली, "आमच्या धाकट्याचं काम हाय."

"आहे" म्हणायच्या ऐवजी "होतं" म्हणायची सवय मला लवकर लागली. तिला नाही.

२९ एप्रिल

आबाकाका आले. उसाला पाणी देऊन तसेच एसटीत बसलेले, पायजम्याला चिखल.

"वैनी, किती दिस थांबायचं? त्याचा जीव वाऱ्यावर हाय. पुतळा करू, दादा अग्नी दील, माहुलीला संगमावर राख सोडू. झालं."

"पुतळा म्हंजी पानंच की."

"पानंच. पन रीत हाय."

"पानं त्याची न्हाईत." मग म्हणाली, "बाटल्या जाऊ देत. मग बगू."

आबा माझ्याकडे बघायला लागले. मी चहा आणायला आत गेलो. मला वाटतं ते खरं सांगायचं तर

(पुढे लिहिता आलं नाही.)

१३ मे

लय ऊन. आज मीच वर जाऊन वास घेतला. जवळजवळ काही नाही. कोळंबीच्या वाळकेपणाचा, खारट. त्याच्या सुट्टीतल्या शर्टांना यायचा तसा.

आईला म्हणालो, गेला वाटतं.

"हाय अजून."

"मला येत नाही."

"तुजं नाक लहानपणापासनं चोंदल्यालं."

खरं आहे. लहानपणी व. हेच म्हणून चिडवायचा.

२७ मे, रविवार. सातारा

मुजावरांकडे गेलो. पोवई नाक्याजवळ वडिलांचं सायकलचं दुकान. वडील उठून उभे राहिले, माझ्यासाठी स्टूल पुसलं. म्हणाले, "तुमचा वसंता आमच्यात जेवायचा. आमची ही म्हणायची, भाकरी आमच्यापेक्षा पातळ थापतो हा." मला माहीत नव्हतं तो भाकरी थापायचा.

नेलेल्या बाटलीचा निकाल चांगला. तिकडच्या आकड्याशी जुळला. कापूर उरलेला नाही. मुजावर पहिल्यांदा हसले. "आईंचा कापूर शुद्ध निघाला, दादा. काही मागं ठेवलं नाही." बाकीच्या बाटल्या तशाच राहू द्या, पावसाळा लागल्यावर खोलीत ठेवा, जुलैत येऊन नेतो, परत तिकडे जायच्या आधी.

येताना गाडीत बरं वाटलं. कऱ्हाडला चहा घेतला. मग कारण नसताना रुमाल शोधायला लागलो. शेजारचा फौजी म्हणाला, "पानी पियो, भाईसाब." प्यालो.

१० जून

ट्रे आता मधल्या खोलीत, खिडकी बंद करून. वास पुन्हा येतो. चांगलाच येतो. दमट हवेने असेल असं आधी वाटलं.

सकाळी देव्हाऱ्यातली कापराची डबी उघडली. रिकामी. महिन्यापूर्वी आईने सांगितलं म्हणून मीच भरून आणली होती. आमच्याकडे जानेवारीपासून आरती नाही.

दुपारी आई झोपली तेव्हा बाटल्या उजेडाला धरून पाहिल्या. सगळ्यांत नाही. दोन-तीन बाटल्यांत, प्राण्यांच्या मधे, पांढरा बारीक कण. चिंधी नाही, नुसताच.

शालूला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं." विचारलं, मग बोलली का नाहीस? "तुम्ही बोलला असता?"

चिमट्याने कण काढून टाकले. बोटांना वास राहिला.

१७ जून

आज पुन्हा एका बाटलीत.

२४ जून, रविवार

आईशी बोललो. भाजी निवडत होती. मी समोर बसून शेंगा मोडायला घेतल्या.

"आई, बाटलीत कापूर आहे."

"आसंल."

"मुजावर जुलैत नेणार आहेत."

"त्यो म्हणला हुता, माघारी आलो की नेतो." शेंग मोडत राहिली. "त्यानं न्यायच्या हायत्या. दुसऱ्यानं कशाला?"

मग तिनेच विचारलं, "मोजायचं म्हंजी काय करत्यात रं? तराजूत घालत्यात?"

"नाही. थोडं थोडं घेऊन जाळतात. जो वायू निघतो तो यंत्रात मोजतात."

हात थांबले.

"जाळत्यात व्हय?"

"हो."

"समदं?"

"बाटलीतून चिमूटभर घेतात. पण जेवढं घेतात तेवढं पार जळतं. मागे काही राहत नाही."

"त्यानं सोताच्या हातानं धरल्यालं हाय त्ये."

"हो."

"तिथं, त्या पाण्यातनं." शेंगा पदरात तशाच. बाहेर पाण्याचा टँकर आला म्हणून शालू बादल्या घेऊन गेली, तिचा आवाज येत होता. आई म्हणाली, "कोण जाळतंय?"

"मुजावर."

"त्यो चांगला हाय." मग, "तू जा संगं."

"कुठे? मुंबईला?"

"जाळायच्या वक्ताला घरचं कुणी नगं का? तू थोरला हाईस. हुबा ऱ्हा तिथं. हात लावू देत आसतील तर लाव."

मी म्हणालो, विचारतो.

"इचारतो काय. जा."

३ जुलै

मुजावरांचं उत्तर आलं. हात लावता येईल, म्हणतात. नमुना नळीत घालून भट्टीत सरकवायचा असतो, ते मी करू शकतो. आठ तारखेला येतात, रात्रीच्या गाडीने मुंबई. खाली लिहिलंय: वास गेला ना? अजून येत असेल तर यंत्रावर ठेवण्यात अर्थ नाही, स्पष्ट सांगा. माझी तिकडे जायची तारीख ठरली आहे, पुन्हा मुंबईला खेप होणार नाही.

आईने परवा मला देव्हाऱ्यापाशी बोलावलं. डबीत नवीन कापूर होता, वाण्याकडून कधी आणवला कोण जाणे. डबी माझ्या हातात दिली. "ऑफिसात ठिव तुज्या." ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. ट्रेसिंगच्या कागदांनाही आता तो वास.

ट्रेसमोर टेबलफॅन लावला. दिवसभर चालू.

आबाकाकांना पत्र टाकलं: पुतळ्याचं तूर्त राहू द्या.

६ जुलै

रजेचा अर्ज. 'कारण' या रकान्यापाशी बराच वेळ थांबलो. 'भावाचे कार्य' असं लिहिलं. हेडक्लार्क म्हणाले, "लग्न का हो?" आणि लगेच जीभ चावली. मी म्हणालो, असू द्या.

७ जुलै, शनिवार

मुजावर उद्या येतात.

आईने सकाळपासून खोलीत कोणाला येऊ दिलं नाही. संध्याकाळी हाक मारली. बाटल्या बुचं लावून एका ओळीत मांडल्या होत्या. एकेक बूच स्वतःच्या हाताने काढलं आणि मला म्हणाली, "तू घे वास. माजं नाक आता धड सांगत न्हाई. मला सारखा येतोय."

एकेक नाकाशी धरली. पहिलीत काही नाही. दुसरीत खारट. तिसरीपाशी वाटलं आहे, मग वाटलं माझ्याच बोटांचा असेल, दिवसभर त्या ड्रॉवरमध्ये हात असतो. हात साबणाने धुऊन आलो. पुन्हा पहिलीपासून घेतली. आता पहिलीतही वाटायला लागला.

आई बघत होती. "काय?"

"बघतो," म्हणालो.

"बग नीट."

फॅन बंद केला, खिडकी उघडली. थोड्या वेळाने परत घेणार आहे.