परक्या गाडीचं गाऱ्हाणं

३ नोव्हेंबर, सोमवार

या हातांनी केलेल्या वस्तू, कोणाकडेही न शिकता: विहिरीवरच्या पंपाचा चौथरा. नारळ सोलायचं पायाचं यंत्र (नारळ जरा मऊ असावा लागतो). काजू भाजायचा ड्रम. गणपतीवर टांगायची लाकडी माटवी, एकही खिळा न मारता. स्वयंपाकघरातला ओटा, जो सुभद्रेला दोन इंच उंच पडतो. यात दोष ओट्याचा नाही. आणि जीप. सांगाडा लिलावातला, बाकी सगळं मी. हूड, सीटा, मागचं दार, होडीवरून उतरवलेला भोंगा. रंगही होडीचाच, खाऱ्या हवेला दाद न देणारा.

हे आज लिहिलं कारण जीप कुडाळला गॅरेजात सोडून यावं लागलं. गिअरबॉक्स. तो मी स्वतः खोलला होता आणि व्यवस्थित खोलला होता. बसवताना दोन वॉशर उरले. उरले याचा अर्थ कंपनीनं जास्तीचे घातले होते.

गॅरेजवाला दीपेश. डिप्लोमा झालेला, भिंतीवर फ्रेम. म्हणाला, काम होईपर्यंत आमची छोटी गाडी वापरा काका, आम्ही कस्टमरला देतो. मी ठाम नकार देणार होतो. पण सुभद्रा गुडघ्याच्या डॉक्टरकडे म्हणून कुडाळला आलेली, ती गॅरेजवर आली आणि सरळ गाडीत जाऊन बसली. आता बायकोला गाडीतून उतरवायचं म्हणजे तमाशा.

निश्चय: (१) अत्यावश्यक कामाशिवाय ही गाडी चालवायची नाही. (२) वाडीत कोणाच्या नजरेस पडू द्यायची नाही. (३) तिच्याविषयी एकही बरा शब्द काढायचा नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

निरीक्षणं. दार लावलं की पोह्यांच्या डब्याचं झाकण लावल्यासारखा आवाज येतो. स्टिअरिंग एका बोटानं फिरतं. जीपचं फिरवायला खांदा लागतो, म्हणून माझा खांदा या वयात असा आहे. इंजिन चालू आहे की बंद, हे काट्याकडे बघितल्याशिवाय कळत नाही. शिसारी येते. इंजिनानं माणसाशी बोलायला हवं.

बोलतं ते भलतंच. पट्टा लावला नाही की टुंग, टुंग, टुंग. लग्नात रुसलेल्या आत्येसारखं, थांबतच नाही. रिव्हर्स टाकला की समोर टीव्हीवर मागचं चित्र. मग देवानं मान कशाला दिली? चित्रात आमची कोंबडी दिसली, म्हणून थांबलो. कोंबडी वाचली हे खरं, पण मी तसाही थांबणारच होतो.

मालवणात जाऊन मासळी आणली. (मासळी अत्यावश्यक.)

सुभद्रा पिशवीसकट बसली आणि पिशवीसकट उतरली. जीपमध्ये ती चार वर्षं बसलेली नाही. चढायला स्टूल लागतो. तोही मी केलेला आहे, पण तिला तो हलतो. घरी आल्यावर गाडीकडे बघत म्हणाली, "बरी आसा." मी कोंबडीला दाणे टाकायला गेलो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे झालं त्यात माझी काहीही चूक नाही. क्रमानं लिहितो.

सकाळी बाबूकाका दारात. आमच्या वाडीचे मानकरी, देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्याच घराकडे. माडाखाली गाडी बघितली आणि म्हणाले, "शेवटी सुधारलंस रे गुरुदासा." सुधारलंस! जीपवाला माणूस म्हणजे काय बिघडलेला असतो? मी त्यांना शांतपणे समजावायला घेतलं. गिअरबॉक्स म्हणजे काय, दात झिजतात कसे, वॉशर कुठे आणि का बसतो. विषय मुळापासून सांगितल्याशिवाय कळत नाही. ही गाडी गॅरेजची आहे इथपर्यंत मी येणारच होतो. बघतो तर समोर काका नाहीत. नारळ आणायला गेलेले.

अर्ध्या तासात सगळी वाडी जमली. गाडी देवळासमोर न्यावी लागली. काकांनी नारळ दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान, गुरुदासान, नवी गाडी दारात उभी केल्यान. तिका तू सांभाळ. खंय वळणावर, घाटात, कोणाची वाईट नजर लागात तर ती दूर कर, म्हाराजा."

सगळे म्हणाले, "होय म्हाराजा."

गाऱ्हाणं चालू असताना मध्ये तोंड घालायचं नसतं. मी नियम पाळणारा माणूस आहे, गप्प राहिलो. शेवटी ज्याच्या नावाचं गाऱ्हाणं, त्यानं होय म्हणायचं असतं. मी म्हणालो. पण हळू. अगदी हळू.

नारळ पुढच्या चाकाशी फोडला. बंपरवर पाणी उडालं. दीपेशच्या बंपरवर.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवसभर माणसं. सुभद्रेनं मालवणहून खाजा मागवला आणि वाटला. मी विचारलं, हे कोणी सांगितलं होतं? ती म्हणाली, लोकांच्या हातावर काय ठेवायचं मग, वॉशर?

मी आजवर एकही खोटं वाक्य उच्चारलेलं नाही. गाडी घेतली असं मी कुठेही म्हटलेलं नाही, घेतली नाही असं फक्त म्हटलेलं नाही. शेजारच्या सुदेशनं अ‍ॅव्हरेज विचारलं, ते दशांशापर्यंत सांगितलं. किती पडली, असं विचारलं तेव्हा मला शिंक आली.

जेवताना सुभद्रेनं विषय काढला. "देवाक सांगून झाला. आता परत कशी देतलात?"

मी म्हणालो, देवाला गाडीचा नंबर कळतो, नंबर कोणाच्या नावावर आहे तेही कळतं. ती म्हणाली, मग होय कोणी म्हटलं तेही कळत असेल. बायकांशी तर्कानं बोलण्यात अर्थ नाही.

निश्चय: उद्या सकाळी बाबूकाकांकडे जाऊन खरं काय ते सांगायचं.

९ नोव्हेंबर, रविवार

काल जमलं नाही. काका घरी असतील असं वाटलं.

आज नांदगावला. सुभद्रेची बहीण तिथे दिली आहे. जीपमधून सुभद्रा येत नाही, एसटीत गुडघा दुमडत नाही, त्यामुळे दोन्ही बहिणींची भेट लग्नाकार्यातच. (बहीण अत्यावश्यक. मी विरोध केला नाही, कारण टाकी अर्धी होती आणि पेट्रोल पडून राहिलं की शिळं होतं.)

वाटेत सुभद्रा झोपली. गाडीत! तोंड उघडं टाकून, डोकं काचेला लावून. माझ्या जीपमध्ये आजपर्यंत एकही माणूस झोपलेला नाही. सगळे हाताला मिळेल ते घट्ट धरून, रस्त्याकडे लक्ष ठेवून असतात. प्रवास असा सावधपणे करायचा असतो. तिला उठवणार होतो, पण हॉर्न वाजवून बघितला तर तो इतका मवाळ की ती कुशीवर वळली.

एसी मी बंदच ठेवला. कणकवलीपर्यंत. पुढे इंजिनाची परीक्षा म्हणून लावला. येतानाही परीक्षा चालू ठेवली.

बहिणी चार तास बोलत बसल्या होत्या. निघताना रडल्या. मला या गाडीचा तिटकारा आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

त्या टुंग-टुंगचा कायमचा बंदोबस्त केला. ड्रायव्हर सीटखाली पिवळा कनेक्टर आहे. बरोबर ओळखला, बरोबर काढला.

टुंग-टुंग चालूच. वर समोर एक लाल दिवा लागला, मांडीवर फुगा घेऊन बसलेल्या माणसाचं चित्र. कनेक्टर परत लावला. माणूस गेला नाही. बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली. माणूस तिथेच, घड्याळ मात्र बारावर गेलं. असली ही हिची घडण. एकदा रागावली की समजूत निघत नाही. जीपला असलं काही नाही. जीपला दिवेच नाहीत.

माणसावर काळी चिकटपट्टी लावली. सफाईनं. मुद्दाम बघितल्याशिवाय कळणार नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दीपेशचा फोन. जीप तयार. सुभद्रेला घेऊन गेलो. ती म्हणाली मी येणारच.

दीपेशनं आधी चिकटपट्टी बघितली, मग माझ्याकडे. मशीन जोडून त्यानं एअरबॅगचा तो फुग्यावाला माणूस घालवला. ते मशीन त्यानं फ्रेमखाली टांगलं, हे मला जास्त उद्धट वाटलं.

मग चहा मागवला आणि ऑफिसातलं मराठी काढलं. म्हणाला, "काका, स्पष्ट बोलतो. गिअरबॉक्स झाला, पण खालचा सांगाडा गंजानं खाल्लाय. तुमच्या वेल्डिंगवर उभी आहे ती. जीप इथे सोडा, ही छोटी घेऊन जा. वरचे पैसे सवडीनं द्या."

मी विचारलं, जीपची किंमत कशी धरलीस?

"वजनावर," तो म्हणाला.

वजनावर. सहा वर्षांची माझी मेहनत, आणि हा माणूस काटा लावतो.

तेवढ्यात सुभद्रा बोलली. परक्यासमोर ती कधी बोलत नाही. "घेवया. कोकमाची सोलां विकून माझे पैसे जमलेले आसत ते घालूया. गाऱ्हाणा पण खरा होतला."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तिनं माझ्याकडे काही मागितल्याचं आठवत नाही. मी विचार केला. खरंच केला, एक मिनिट. मग दीपेशकडे बघितलं आणि त्याची ती फ्रेम दिसली. जीपची चावी मागितली.

परत येताना ती स्टुलावरून चढली. मी हात पुढे केला होता, तिनं तो बघितला नसावा. जीपचा आवाज किती दिवसांनी कानावर पडला! वाटेत चौके गावाशी ती म्हणाली, "थांबवा." उतरली, रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसून गुडघा चोळत राहिली. म्हणाली, तुम्ही जा, मी एसटीनं येते. मी म्हटलं, गाडी असताना एसटी कशाला? तिनं कुठली गाडी असं विचारलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

वाडीत अफवा. उगम सुदेश. म्हणे, गुरुदासची गाडी फायनान्सवाल्यांनी ओढून नेली. हप्ते थकले.

हप्ते! मी! ज्यानं आयुष्यात शेजाऱ्याचा स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा उसना आणला नाही!

लोक माझ्याशी मऊ आवाजात बोलायला लागलेत, घरात कोणी आजारी असल्यासारखे. हौसाबाई दूध घालायला आली, पैसे घेतले नाहीत. म्हणाली, "होता असा कधी कधी, रे बाबा." हे असह्य आहे.

संध्याकाळी देवळासमोरून जीप घेऊन जात होतो. बाबूकाकांनी हात केला. थांबलो. थांबायला नको होतं. दुसरा नारळ.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराची गाडी गेली. बोलाक तेका लाज वाटता. तर जा काय वाकडा झाला आसात ता सरळ कर, नि गाडी तेच्या दारात परत हाड, म्हाराजा."

होय म्हाराजा, सगळे म्हणाले. माझ्याकडे बघत थांबले. मला म्हणावंच लागलं. या वेळी स्पष्ट ऐकू गेलं.

निश्चय: उद्या काकांना खरं सांगायचं. गिअरबॉक्स वगळून.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मला जावं लागलं नाही. काकाच आले, सोबत सुदेश आणि हौसाबाई. ओटीवर बसले. काकांनी उपरण्याची गाठ सोडून आतले पैसे माझ्यासमोर ठेवले. म्हणाले, घराघरातून काढले, हप्ता भर आणि गाडी घेऊन ये, वाडीतला माणूस असा खाली मान घालून फिरलेला बरा दिसत नाही.

मी सांगितलं, माझ्यावर कर्ज नाही. काका म्हणाले, सगळे तसंच म्हणतात. मी म्हणालो, गाडी माझी नव्हती. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, हप्ते फिटेपर्यंत कोणाचीच नसते रे.

सुभद्रा दारात उभी होती. ती सगळं एका वाक्यात सांगू शकली असती. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मी सांगतो का ते.

मी म्हणालो, नको. मी कोणाचा पैसा घेत नाही. आवाज थोडा चढला. हौसाबाई उठून उभी राहिली.

काका गाठ बांधत म्हणाले, "आमचा नको तर नको. पण हेच्यात सगळ्यांत जास्ती सुभद्रान घातल्यान. ता तरी ठेव."

तेही ठेवलं नाही. वाडीनं देऊ केलेले, मी नाकारलेले: अकरा हजार तीनशे पन्नास. त्यातले आठ हजार आमच्याच घरातले.