जिन्यावरची वही

मंगळवार, संध्याकाळ. ताथवडे.

आज काळेवाडीच्या शाळेत माझ्या विद्यार्थिनीचा, स्वातीचा, बी.एड.चा शेवटचा पाठ. पाचवीचा वर्ग, अपूर्णांक. परीक्षक बाहेरून आलेले, मी मागच्या बाकावर. पाठ झक्क झाला. प्रत्येक प्रश्नाला हात वर, एकही उत्तर चुकलं नाही. मी शेरा लिहिला, 'वर्गनियंत्रण उत्तम.'

बाहेर आले तर जिन्यावर चार मुलं. कडेच्या मुलीच्या मांडीवर वही उघडी. वर तारीख, खाली 'अपूर्णांक' लिहून रेघ मारलेली. पुढे काहीच नाही.

"इथे का गं बसलात?"

"स्वातीबाईंनी सांगितलं. आमचं चुकतं ना, म्हणून." मग हळूच म्हणाली, "बाई, झाला का पाठ? आता आत जाऊ?"

स्वातीला बाजूला घेऊन झापलं. ती रडवेली झाली. "मॅडम, तुम्हीच तर म्हणाला होतात, कच्ची मुलं त्या दिवशी बाहेर बसव."

म्हणाले होते? असेन. दरवर्षी म्हणते. मलाही माझ्या बाईंनी हेच सांगितलं होतं. आणि माझ्या हाताखालून गेलेल्या मुली आता पार चाकणपर्यंतच्या शाळांत शिकवतायत. त्या काय करत असतील?

शेरा खोडायला हवा होता. नाही खोडला. घरी आल्यापासून ती वही डोळ्यांसमोरून हलत नाही. तारीख, अपूर्णांक, रेघ.

तिचं नावसुद्धा विचारलं नाही मी. नुसतं म्हणाले, "हो, जा." ती धावत आत गेली. स्वातीने तोवर फळा स्वच्छ पुसला होता. पाठ संपला की फळा पुसूनच वर्ग सोडायचा, हेही मीच शिकवलंय.