धुआँधारची शिक्षा

४ नोव्हेंबर, मंगळवार
नवा धुआँधार आला, आमच्या जुन्या कॉमिक्सचा हीरो. मेलवर, सात चित्रं. काळा कोट, वाढलेली दाढी, हातात बंदूक. मागे भेडाघाटचा धबधबा, ज्याचं नाव याला दिलं, तेवढा ठेवलाय, पण पाणी लाल. आमचा पांढऱ्या कपड्यातला, तुषारांतून निघणारा गडी यात कुठेच नाही.
सु.ला दाखवलं. बायकोच ती, खरं तेच बोलणार. "हा तर लग्नातला बाउन्सर दिसून राहिला."
मार्चमध्ये कंपनीच्या करारावर मीच सही केली होती. 'आजच्या वाचकासाठी नव्याने.' कांचघरभर, आमच्या अख्ख्या मोहल्ल्यात, पेढे वाटत फिरलो. आता ओरडायला तोंड नाही.

६ नोव्हें.
व्हिडिओ कॉल. रिया, कंपनीची संपादक. पोरगी गोड आहे, त्याचाच जास्त राग येतो. "सर, हम सब आपके बहुत बड़े फैन हैं." कुठला अंक आवडला, विचारलं. "सर, ओव्हरऑल."
मग मुद्द्यावर आली. "वो जो लाइन है ना सर, 'तुझे शिक्षा मिलेगी'... आज के रीडर को कोचिंग क्लास का ऐड लगता है. हमने 'सज़ा' कर दिया. 'तुझे सज़ा मिलेगी', और फिर गोली."
तिला वाटलं नेट गेलं. हॅलो सर, हॅलो सर करत राहिली.

७ नोव्हें.
झोप नीट झाली नाही. कुठेच न लिहिलेलं इथे तरी लिहून टाकतो.
मला सज़ाच म्हणायचं होतं.
चोवीस वर्षांचा होतो. खमरियाच्या फॅक्टरीत कारकून, घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि आपली हिंदी फार पक्की असा माज. पहिल्या अंकाची शेवटची चौकट. धुआँधारने चोराची कॉलर धरलीय. मी लिहिलं, "भागेगा कहाँ? तुझे शिक्षा मिलेगी!" आपली शिक्षा. अंगठे धरून उभं राहायची, छडीची. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे ठाऊक नव्हतं असं नाही. लिहिताना हात घरच्या भाषेत गेला.
चित्रं दुबेची. दुबेने चोराला कोठडीत काढलंच नाही. सतरंजीवर मांडी घालून बसवला, हातात पाटी दिली, आणि समोर धुआँधार त्याला अ आ शिकवतोय.
छापून आल्यावर पाहिलं. तडक चेरीतालला त्याच्या घरी जाऊन भांडलो. तो पान लावत होता. "तुमने ही तो लिखा है, शिक्षा मिलेगी. हमने दे दी."
मग पत्रं यायला लागली. 'पहला हीरो देखा जो मारता नहीं, पढ़ाता है.' झालं. त्यापुढे प्रत्येक अंकात प्रत्येक बदमाश शेवटी सतरंजीवर. हीच धुआँधारची ओळख, यावरच तो इतकी वर्षं जगला.
आणि मी प्रत्येक मुलाखतीत छाती पुढे काढून सांगायचो की ही माझी सोच होती. दुबे शेजारी बसून पान चघळायचा. एका शब्दाने बोलला नाही.
त्याला माझी चूक कळली होती, की त्याने नुसतं लिहिलं तसं काढलं? कधी विचारलं नाही. हिंमत नव्हती.

१० नोव्हें.
जाहिरातीचा मजकूर आला. माझं नाव ठळक. दुबे कुठेच नाही. रियाला विचारलं.
"सर, क्रिएटर तो राइटर ही होता है ना?"
मी म्हणालो, "हाँ."
किती सहज म्हणालो. सु. शेजारी भाजी निवडत होती, तिने मान वर केली आणि परत खाली घातली. एवढंच. पण जेवताना वाढलं ते आपटूनच.

१२ नोव्हें., बुधवार
चेरीतालला गेलो. दुबेला जाऊन चार वर्षं झाली, आणि मी आज जातोय. भाभीजींनी चहा केला. नव्या धुआँधारचं चित्र दाखवायला नेलं होतं, ते खिशातच ठेवलं.
जुनं काही आहे का, म्हणून विचारलं. त्यांनी रेक्झिनची फाइल आणून दिली. सगळ्यात खाली पहिल्या अंकाची संहिता. माझं अक्षर. शेवटची चौकट, आणि 'शिक्षा'च्या वर पेन्सिलीने, बारीक, दुबेच्या हातचं: 'सज़ा'. त्यावर त्याचीच एक आडवी रेघ.
म्हणजे कळलं होतं. दुरुस्त करायला घेतलं होतं. मग थांबला, आणि पाटी काढली.
भाभीजी म्हणाल्या, "हमसे कहते थे, भैया से गलती हो गई, मगर गलती बड़ी अच्छी है. बताना मत, शरमा जाएँगे."
चहा प्यालो की नाही आठवत नाही. तो कागद त्यांनीच पिशवीत घालून दिला.

१३ नोव्हें.
दुबेवर चिडलोय. सांगायचं होतंस ना लेका. एकदा तरी सांगायचं.
सु. : "त्याच्यावर काहून चिडून राहिले? तो तुमची लाज राखून राहिला होता. तुम्ही काय राखलं?"


१५ नोव्हें.
रियाला फोन केला. 'शिक्षा' राहू दे, म्हणालो. वाटलं, हसेल. हसली नाही.
"सर, सच बोलूँ? मुझे भी वही अच्छा लगता है. पर ऊपर वाले नहीं मानेंगे. आप दो लाइन लिख दीजिए, कि तब आपका थॉट क्या था. उस पर मैं लड़ लूँगी."
माझा थॉट!
खरं लिहिलं, तर माझ्या मनात सज़ाच होती. मग बंदूकवाले जिंकले, आणि मूळ लेखकाच्या मर्जीने जिंकले. जुनी थाप लिहिली, तर पाटी टिकेल, आणि दुबे परत गडप. आणि पूर्ण खरं लिहायचं, तर धुआँधार दुबेचा. माझी त्यात फक्त एक चूक.
चाळीस वर्षं या नावावर मिरवलो. नातेवाईक अजून 'धुआँधारवाले काका' म्हणतात. ते सोडवत नाही. लाज वाटते, तरी सोडवत नाही.

१६ नोव्हें., रविवार
फॉर्म प्रिंट करून आणला. दोन ओळींची जागा आहे. त्यावर एक रकाना, 'मूल संकल्पना', त्यात माझं नाव आधीच छापलेलं.
सकाळपासून तीनदा समोर घेतला. सु. दोनदा चहा ठेवून गेली.
शेवटी पेन घेतलं नाही, पेन्सिल घेतली. माझ्या नावाच्या वर, बारीक, लिहिलं: दुबे.
खालच्या दोन ओळी कोऱ्याच आहेत. रियाचा मेसेज आलाय, "सर, कल तक?"
खोडरबर टेबलावरच आहे. अजून हात लावलेला नाही.