पडीक नव्हतं ते गायरान

प्रिय बाबा,

काल सोलार कंपनीच्या सायबानं गावकऱ्याची साक्ष म्हणून सही करायला माझ्यापुढं एक कागद ठेवला. ओढ्यापलीकडचं उरलेलं गायरानही आता कुंपणात जाणार. ‘जमीन पडीक आहे, गावात कुणी वापरत नाही,’ असं त्यात लिहिलेलं. मी सही केली नाही. हे तुम्हाला सांगायचं होतं. आणि अजून एक, जे तुम्ही असताना बोललो नाही.

पडीक म्हणे! गावाची गुरं तुम्ही जन्मभर तिथंच चारली. आपल्याला वीतभर रान नाही, आपलं पोट त्याच गवतावर होतं.

ज्यांनी कंपनीला शेतं दिली त्यांना वर्षाला भाडं मिळतंय. मिळू दे. पण तुम्ही गायरानाचं काय, हे विचारायला गेलात तर सायेब म्हणाला, “सातबारा दाखवा.” तुम्ही म्हणालात, “सातबारा न्हाई सायेब, गुरं हायेत. आणू का?” सगळे हसले. तुम्ही खरंच विचारलं होतं, हे फक्त मला कळलं.

मला मात्र गेटवर वॉचमनची नोकरी लागली. तुम्ही वस्तीत पेढे वाटले.

आणि मग ती उन्हाळ्यातली दुपार. पाणवठा कुंपणाच्या आत गेलेला. तुम्ही गुरं घेऊन गेटवर आलात. माझ्या मागं सुपरवायझर उभा. मी म्हणालो, “ओ, मागं व्हा. इकडं यायचं न्हाई.” बापाला ‘ओ’ म्हणालो मी.

संध्याकाळी जेवताना तुम्ही एवढंच विचारलंत, “सायेब मागं होता, म्हून का?”

“हाव.”

“आन् नसता तर?”

त्यापेक्षा तुम्ही शिव्या का नाही दिल्या?

दुसऱ्या दिवशी तुम्ही लोकांची गुरं ज्याच्या त्याच्या दावणीला बांधून आलात. आपली गाय देवणीच्या बाजारात विकलीत. मग काय, दिवसभर ओट्यावर बसून राहायचात. कसे वाळत गेलात, ते मी रोज पाहिलं आणि रोज ड्युटीवर गेलो.

आता ते सांगतो. ओढ्याअलीकडचं गायरान कुंपणात गेलं, त्या पहिल्या वेळीही असाच कागद होता. त्यावर माझी सही आहे. नोकरी त्याच्याच बदल्यात मिळाली होती. पेढे वाटताना तुम्हाला हे ठाऊक नव्हतं, मला होतं.

शुक्रवारी ग्रामसभा आहे. तो पहिला कागद खोटा होता आणि सही माझी होती, हे मी सगळ्यांसमोर सांगणार. नोकरी जाईल. आईला सांगितलं तर ती चुलीपुढून उठलीही नाही. म्हणाली, “लई उशीर केलास.”

तुमचा म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
दत्ता