उपग्रहाला न दिसलेली कोंबडी

अण्णा,

तुम्ही फटाक्यांचे कारखाने तपासायचात. मी अणुकेंद्रं तपासायला जाणाऱ्यांना शिकवते. तिथलं इंधन गुपचूप बॉम्बकडे तर वळत नाही ना, हे पाहणारी ही माणसं. निघण्याआधी त्यांनी जे उघड मिळतं ते सगळं वाचायचं असतं: वर्तमानपत्रं, टेंडरच्या जाहिराती, उपग्रहाचे फोटो. सरावासाठी मी तेरखेड्याजवळच्या फटाका कारखान्यांचा असाच फोटो निवडला. एकमेकींपासून लांब बांधलेल्या खोल्या, मधे मातीचे बांध. वरून बघताना किती कुतूहल वाटतं म्हणून सांगू!

वसतिगृहातून सुट्टीला आले की तुम्ही मला जीपमधून न्यायचात. कारखान्यात शिरण्याआधी फाट्यावर चहा घ्यायचा, पेपर चाळायचा, कुणाकडे नवे मजूर आलेत ते ऐकायचं, ही तुमची रीत. एकदा मी कडेच्या बंद खोलीकडे बोट दाखवते, "अण्णा, तिथे नक्की चोरून माल ठेवलाय." तुम्ही कपातून वर बघता. "मडम, कुलूप दिसलं. आतलं कुठं दिसलं? चल, विचारू." कॉन्व्हेंटमध्ये उत्तर आलं की हात वर करायची सवय, त्यामुळे विचारायला जाणं मला कमीपणाचं वाटलं होतं.

त्या फोटोत एका टोकाला नवी लांबट शेड आहे. तपासणीसाठीच्या नमुना उत्तरात मी ठामपणे लिहिलं, 'फटाक्यांचं गोदाम'. वर्गातल्या एका मुलीने लिहिलं, 'फोटोवरून सांगता येत नाही, जाऊन विचारावं लागेल.' मी तिला शून्य दिलं आणि वर्गात म्हणाले, "हे उत्तर नाही, पळवाट आहे." सगळे हसले. या सरावाच्या गुणांवरच तिची पुढच्या तुकडीतली निवड ठरणार आहे.

तिचं वाक्य मात्र डोक्यातून जाईना. गेल्या आठवड्यात उमरग्याला लग्न होतं, तिथून मुद्दाम तेरखेड्याला गेले. शेडच्या दारात एक बाई बसल्या होत्या.

"हे गोदाम का हो?"

"गोदाम? कोंबड्या हायत की! वास येत न्हाय व्हय, बाई?"

येत होता, अण्णा. फाट्यापासून येत होता.

मग मी तिथेच बसले आणि तासभर विचारत राहिले. शेड कधी बांधली, इथेच का, खाद्य कुठून येतं. कितीतरी दिवसांनी इतकी मजा आली.

घरी येऊन त्या मुलीला पत्र लिहायला बसले. तीन दिवस झाले, 'चूक माझी होती' एवढं काही लिहून होत नाही. तिचा पत्ता समोर आहे, आणि मी तुम्हाला लिहितेय.