सुकेळ्यांचा रंग

विरार, रविवार, १८ एप्रिल २००४

संध्याकाळभर कॉम्प्युटरशी झटापट. दादाने अमेरिकेहून आणलेल्या कॅमेऱ्यावर आईचं सुकेळी करणं टिपलं होतं, ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायची होती. इनपुट आपल्याकडच्या टीव्हीचं ‘पाल’ ठेवलं की चित्र वर सरकत राहतं. अमेरिकेतलं ‘एनटीएससी’ ठेवलं की थांबतं, पण काळंपांढरं. आणि आई वाळलेलं केळं उचलून म्हणते, "हा असा रंग आला, की काढायची."

कसा गं? मला सगळं राखाडीच दिसतंय. ती जाऊन वर्ष झालं, आणि यंदा मीच आगाशीहून आणलेली केळी आत्ता गच्चीवर वाळताहेत. उरलेले पर्यायही लावले. रंग नाहीच.

मानसी वैतागली, "आई, मावशीआजीला विचार ना! कशाला डोकं फोडतेस?"

मावशी? तीसुद्धा दरवर्षी आईलाच हाक मारायची, "ताई, बघ गं, झाली का?"